डावरा पीळ

न्हाई म्हंजी न्हाई, मास्तर — ती पुडी उचला आन खिशात घाला, तुटलेली तात बघून मी काय करू? मेंढराच्या आतड्याची तात हरणाबाई वळती म्हणून कवठ्याच्या मोटारअड्ड्यावर कुणी सांगितलं असंल, तर खोटं न्हाई सांगितलं, पर जुनं सांगितलं. वळत हुती. दोन वरसं झाली, तात ताणायच्या खुंट्या उपटून चुलीत घातल्या. बसा की, हुबं का? — घोंगड्यानं धोतर मळतंय व्हय? मळू द्या. मी सांगलीला सारंगीवाल्यांकडं तात घिऊन यायची, तवा तुमच्या गल्लीतल्या बाया नाकाला पदर लावायच्या — आली आतडीवाली, लांब बस गं. बसायची लांब. आता त्याच आतडीवालीच्या दारात चार कोस चालत आलासा! गरज पडली की आतड्याला बी वास येत न्हाई, खरं का न्हाई? घरात एक बी तात न्हाई. वर काय बघताय, त्या मडक्यात लोणी हाय.

काय म्हणालासा — शनवारी सांगलीत जलसा, साठ माणसं एका टायमाला वाजवणार, मधी मुंबईची पारशीण बाई हुबी ऱ्हाऊन फिडल वाजवणार, आन तिच्या फिडलीची बारीक तात काल तालमीत तुटली. लढाईपासनं मुंबईत तसली मिळत न्हाई. बरं, मग माझ्या मेंढरांनी काय मरायचं तुमच्या बाईसाठी? आन एक पाव्हणा साह्यब बी आलाय म्हणं बोटीनं, हातात काडी घिऊन, सगळ्यांस्नी वाजवा-थांबा सांगायला — म्हंजी मेंढकाच की! काडी आमच्या बी हातात असती, आमच्या कळपाला कुणी तिकीट काढून येत न्हाई. आन त्यो साह्यब इटलीचा. मघाशी इटलीचं नाव काढलंसा तवाच हाकलायचं हुतं तुमास्नी.

तुमास्नी इटली म्हंजी नकाशावर बोट ठेवायचं. माझा ज्ञानू गिळला त्या मुलखानं. पलटणीत गेला, चव्वेचाळीस साली सरकारी कागद आला — बेपत्ता. मेला न्हाई, घावला न्हाई, बेपत्ता! मेंढरू चुकलं तर आमी तीन-तीन दिस रान हुडकतो, आन सरकारला एवढा सहा फुटाचा गडी घावंना. त्याच्या आदलं त्याचं पत्तुर गुरुजींनी वाचून दावलं. त्यात काय असंल? आयची आठवण न्हाई, बायकोचं नाव न्हाई — हितं डोंगरात एक गाव हाय, आयं, हितली माणसं बी मेंढराच्या आतड्याची तात वळत्यात, पर आपल्यापरीस लय बारीक, एक म्हातारी मला दावती. म्हातारी दावती! आन मी काय दावलं हुतं रं तुला — शेण थापाय?

लय तरास दिला त्यानं शिकताना. डावरा हुता. आमचं मालक म्हणायचं, डाव्या हातानं पीळ देऊ नगंस, तात उलटी वळती, गिऱ्हाईक घेणार न्हाई. मारलं, हात बांधून ठेवला — ऐकंल तर शपथ. शेवटाला मीच म्हणलं, वळू द्या उलटी, वाजल्याशी कारण. गाठ तेवढी आमच्या घरची मारायला लावली — दोन येढं द्यायचं आन शेपूट आत दडपायचं. ती गाठ ह्या घराबाहीर कुणाला येत न्हाई. सारंगीवालं गाठ बघून वळखायचं, हरणाबाईकडची तात, आन पीळ बघून म्हणायचं, ही पोराची.

आत हसत्यात त्या? माझी सून बनू, आन गल्लीतल्या बाया. कासारीण चुडा भरतीया. परवा बनूचं म्होतूर हाय, विट्याकडचा ज्योतिबा म्हणून गडी हाय, त्याच्यासंगं. असं डोळं मोठं करून बघू नगा — आमच्यात बाई दुसरं घर करती, तुमच्यागत डोकं भादरून कोपऱ्यात बसवत न्हाई आमी. ती कुठं तयार हुती? दोन वरसं एकच — आत्याबाई, त्ये येत्याल. वाट बघून बघून काटकी झाली पोरीची. मग मी बिरोबाच्या देवळात न्हेली तिला आन हातात शपथेचा भंडारा उचलला — बिरोबाच्यान, माझा ज्ञानू मेला, आयच्या काळजाला कळतंय. तवा कुठं व्हय म्हणाली. मला काय कळलं हुतं? काय सुदीक न्हाई. पोरगी सुटावी म्हणून उचलला. — आन हे तुमास्नी का सांगाय लागली मी? तुमी कोण माझं? देत न्हाई तात, जावा.

अजून बसलासाच? आना ती पुडी हिकडं. बघती एकदाची, म्हंजी उठशिला तरी. हां. बारीक हाय. खरवडलीया झ्याक, चरबीचा कण न्हाई. आन पांढरी — जुनी तात पिवळी पडती, ही न्हाई पडली. पीळ —

मास्तर, ही बाईला कुणी दिली? साह्यबानं. आन साह्यबाला? — न्हाई, घाई करू नगा, नीट सांगा. त्याच्या गावाकडच्या डोंगरातनं आणली. यंदाच. तितली माणसं वळत्यात. सरका, उजेड आडवू नगा. ही टोकाची गाठ बघा. दोन येढं. शेपूट — नखानं उचकटा, उचकटतंय का? आत दडपलंय. आन पीळ उलटा.

जित्ता हाय. मुडदा बशिवला त्याचा, जित्ता हाय! लढाई सरून वरीस उलटलं, परक्याच्या फिडलीला तात वळाय येती, आयला दोन वळी धाडाय येत न्हाईत! मी देवाचा भंडारा उचलून खोटी पडली, ही पोरगी हितं झुरून काटकी झाली, आन ह्यो तितं म्हातारीसंगं — बने! ए बने! भाईर ये आदी! हातातलं टाकून ये!

…

काय न्हाई गं. व्हय, मीच हाक मारली. एकच हात भरलाय व्हय अजून? दुसरा मोकळा दिसतोय. — मघाशी तूच हसत हुतीस का? लय दिसांनी ऐकलं. काय न्हाई म्हणलं ना! सांगलीचं मास्तर हायती, तांब्या ठेव हितं आन जा आत, कासारीण खोळंबली असंल. भरून घे दुसरा.

गप बसा, मास्तर. एक शब्द तोंडातनं काढलासा तर — हळू बोला, गेली न्हाई ती लांब. तात पायजे ना तुमास्नी? ते मडकं काढा वरनं. लोणी न्हाई त्यात. तेलाच्या फडक्यात एक तात हाय, पलटणीत जायच्या आदल्या दिशी जमंल तेवढी बारीक वळून ठेवली हुती त्यानं. न्या ती. बाईला म्हणावं बिनघोर ताणा, तुटायची न्हाई. ही तुटकी हितंच ऱ्हाईल, माझ्यापशी. आन त्या साह्यबाला तेवढं इचारा, त्या म्हातारीच्या घरात कुणी — बरा हाय का त्यो —

न्हाई. नगा इचारू. परवा म्होतूर हाय आमच्यात. उठा, जावा.