कौसाबाईच्या चरातली माती

जमलेल्या गावकऱ्यांनो, आयाबायांनो, मी शांताबाई, कौसाबाईची धाकटी जाऊ. मला भाषण येत न्हाई. आज अक्कांच्या शोकसभेत बोला म्हणले, म्हणून उभी राह्यले. पण मी इथं रडाया उभी न्हाई. मला राग आलाय.

कालवा आल्ता तवा आपण सगळे खूश झाल्तो. आमच्या सखल रानात त्याचं पाणी पाझरलं अन् जमीन चोपण झाली, खारवट अन् चिकट. वर पांढरा खार. पावसाळ्यात बैलाचा पाय फसायचा, उन्हाळ्यात माती दगड व्हायची, कुदळ उडायची. तुम्हीच म्हणले ना, "सोड कौसा, मेली ती जमीन"?

तिनं सोडली न्हाई. नाल्यापर्यंत चर खांदला. खार सुटावा म्हणून जिप्सम पसरलं, वर पाणी कोंडलं, खार धुऊन चरातून काढून दिला. हिरव्या खतासाठी धैंचा पेरला, फुलावर येताच मातीत गाडला. पुन्हा पेरला, पुन्हा गाडला. मंग कुठं चाऱ्याचं पॅरा गवत धरलं, मागून लसूणघास.

पाऊस पडला न्हाई त्या साली गावाची जनावरं कुणाच्या चाऱ्यावर जगली? बोला ना! बांधावर आलेल्या कुणालाच तिनं रिकामं धाडलं न्हाई.

भाऊसाहेब, तुमचं रान तिच्या बांधाला लागून, तुमच्या गाईलाबी तिनंच भारा दिल्ता. अन् औंदा ट्रॅक्टर न्यायला तुम्ही तिचा चर बुजवला. ती तुमच्या दारात आल्ती, मी संगं होते. म्हणली, "भाऊसाहेब, पाणी तुंबलंय, मुळ्या सडून राह्यल्या. चरात शिमिटाचा नळा टाका, खालून पाणी जाईल, वरून ट्रॅक्टर बराबर जाईल." तुम्ही म्हणले, "बघू." पंच म्हणले, "शेजाऱ्याशी कशाला भांडता?"

भांडत होती का ती? पाण्याला वाट मागत होती!

मंग खोरं घेऊन एकटीच निघाली. भर वैशाखात. मी म्हणलं, "अक्का, ऊन उतरू द्या." म्हणली, "पावसाच्या आत उघडला पायजे, न्हाई तर खार पुन्हा वर येईल." दुपारी भाकर घेऊन गेले, तर चरातच पडलेली. अंग तव्यासारखं तापल्यालं. दवाखान्यात न्हेलं, पण उशीर झाल्ता.

ह्याला नशीब म्हणू नका. बिलकुल म्हणू नका. भाऊसाहेब, तुमचा हार मी फोटोवरून काढून ठेवलाय. जाताना घेऊन जा.

उद्या सकाळी आम्ही बाया तो चर उघडणार. ज्याला अडवायचंय त्यानं यावं.

आता उठा. घडीभर कुणी बोलू नका.

अक्का, उरला लसूणघास सकाळीच कापून आणलाय. तुमची म्हैस उपाशी न्हाई. पाया पडते.