नाक्याची साखळी

हा देश एक झाला त्यात माझा हात होता. उजवा. डाव्या हातात सांडशी होती. हसू नका, तुम्ही विचारलं म्हणून सांगते, नाही तं एवढ्या वर्षांत कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला रस्त्यात अडवून सांगितलं नाही.

माहेर लोहाराचं, सासरही लोहाराचं, इथंच सिंधीपुऱ्यात आमची भट्टी. आता लोहाराच्या घरची रीत तुम्हाला माहीत नसेल. लोकांना वाटतं लोहार म्हणजे दांडगा गडी, तो घण उचलतो आणि घालतो. तसं नाही. आमच्यात घण बाई मारते. गडी ऐरणीपाशी बसतो, एका हातात सांडशीनं लोखंड धरतो, दुसऱ्या हातात छोटी हातोडी, आणि हातोडीनं टक करून दाखवतो की इथं मार, मंग बाई उभी राहून तिथं घण घालते. टक, धण. टक, धण. घाम बाईचा आणि नाव हातोडीवाल्याचं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूनं माझं तोंड पाहिलं नाही, दंड दाबून पाहिला, आणि म्हणाली, चालेल.

आमच्या मालकांचं तोंड बंद, हातोडी तेवढी बोलायची. फक्त भट्टीत लोखंड असलं की स्वतःशीच पुटपुटायचे. लोखंड आधी जांभळं होतं, मंग गुंजेसारखं लाल, मंग पळसाच्या फुलासारखं, आणि त्याच्याही पुढं गेलं की जळालं. ते म्हणायचे, गुंज झाली, गुंज झाली, पळस झाला, आणि बाहेर ओढायचे. मला काही शिकवत नव्हते बरं का. मी घण घेऊन बाजूला उभी, कान काही झाकून ठेवता येत नाहीत.

मंग काय सांगू तुम्हाला, एका डोळ्यात फूल पडलं. वर्षानं दुसऱ्यात. एक दिवस म्हणाले पळस झाला आणि फाळ बाहेर ओढला, तो अजून गुंजेवरच होता. मी घण घातला, लोखंड हललं नाही. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, थांबा, अजून नाही झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी हातोडी ऐरणीवर ठेवली, उठले, चाचपडत माझ्या जागी येऊन उभे राहिले, हात पुढं केला आणि म्हणाले, दे. मी घण दिला आणि त्यांच्या जागी बसले. एवढंच बोलणं झालं.

आवाजावर मारायचे ते. मी टक केलं की जिथून आवाज आला तिथं धण. माझी बोटं तिथून वीतभर. सुरुवातीला घाबरत होते, इतकं हळू मारायचे की लोखंड थंड होऊन जायचं, मी म्हटलं, मारता का कुरवाळता? मंग मारायला लागले. ही करंगळी वाकडी दिसते ना, ती त्यांची चूक नाही. मी टक करून शेळीकडं पाहत बसले होते.

पण हे सगळं दार लावून. आंधळ्याकडं कोण काम देणार, आणि बायकोच्या हाताखाली घण मारणाऱ्याला जातवाले काय म्हणणार? मालक म्हणाले होते, कळलं तं भट्टी विझली समज. म्हणून गिऱ्हाईक आलं की ते ऐरणीपाशी हातोडी घेऊन बसायचे, आवाजावरून नाव ओळखून घरच्यांची खुशाली विचारायचे, आणि गिऱ्हाईक गेलं की आम्ही जागा बदलायचो. दीड वर्ष असं काढलं.

पेरणीच्या आधी आम्ही गाडीत ऐरण-भाता टाकून खेड्यांवर जायचो, नांगराचे फाळ करायला. त्या वर्षी इंदूरकडच्या रस्त्याला निघालो. इकडं इंग्रजांचा मुलूख होता, तिकडं संस्थान, आणि मधे नाका, रस्त्यावर आडवी जाड साखळी. इंग्रज गेले, संस्थानही गेलं, साखळी राहिली होती. ती उघडायचा त्या दिवशी मोठा समारंभ. मांडव, झेंडा, शाळेची पोरं, हार घेऊन एक साहेब. अलीकडं गाड्यांची ही रांग, त्यात दापोऱ्याच्या केळीच्या गाड्या, त्यांच्यामागं आमची.

आणि कुलूप उघडेना, कारण किल्लीच नाही. किल्ली संस्थानच्या शिपायाजवळ होती. संस्थान राहिलं नाही म्हटल्यावर शिपाई कशाला राहील, तो किल्ली घेऊन घरी गेला, आणि घर कुठं ते कोणाला ठाऊक नाही. कोणी म्हणालं, कुलूप फोडा. साहेब म्हणाले, ताला सरकारी आहे, फोडता येणार नाही. साखळीबद्दल कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. मंग लोहार शोधायला लागले, आणि सगळ्या माना आमच्या गाडीकडं वळल्या.

मालकांनी हळूच विचारलं, माणूस किती आहे? मी म्हटलं, पुष्कळ. आपल्या गिऱ्हाइकातले? म्हटलं, आहेत, दापोऱ्याचे आहेत. नेहमीसारखे ते हातोडी घेऊन बसले असते तं छिन्नी भलतीकडं गेली असती आणि माझा घण त्यांच्या मनगटावर. दोघांनाही ते माहीत होतं. मी म्हटलं, आजारी आहात म्हणून सांगते. त्यांनी चाचपडत गाडीतला घण ओढून घेतला आणि म्हणाले, ऐरण उतरव.

रस्त्यात भाता लावला. कडी पळसावर आणली, ऐरणीवर घेतली, सांडशीनं छिन्नी धरली आणि मी खाली बसले. ते घण घेऊन उभे राहिले तसे लोक हसायला लागले. एक जण म्हणाला, काय रे लोहारा, घरी पोळ्या पण तूच करतो का? त्यांच्या कपाळाची शीर उडताना मला खालून दिसली. मी टक केलं. धण. टक, धण. तिसऱ्याला कडी तुटली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि सांगायच्या आधी वाजवल्या म्हणून मास्तर त्यांच्यावर डाफरले.

साहेब बोलले पुष्कळ, शेकडो वर्षांची बंधनं वगैरे. मंग हार घेऊन मालकांसमोर आले. हार वर धरला. मालक ताठ उभे. साहेबांचे हात वरच, आणि हे मान वाकवेनात, हळूहळू सगळे गप्प झाले. मी म्हटलं, हार आहे, वाका. ते वाकले, पण माझ्या आवाजाच्या बाजूला. मंग कोणाला काही सांगायची गरज राहिली नाही.

दापोऱ्याचे एक म्हातारे पाटील गाडीवरून उतरले. कमरेचा केळीचा कोयता काढून मालकांच्या हातात दिला, म्हणाले, हा दिवाळीत नेला मी. कोणी केला? मालकांनी धारेवर अंगठा फिरवला. म्हणाले, तिनं. धारेला पाणी पण तिनंच दिलं. पाटलांनी कोयता परत घेतला, माझ्याकडं पाहिलं, मंग त्यांच्याकडं. म्हणाले, मंग आधी बोलायचं ना भाऊ, सहा महिने मी फुकट तुझी तारीफ करून राहिलो.

पाऊस झाल्यावर तेच पाटील चार कोयते घेऊन सिंधीपुऱ्यात आले आणि गल्लीतून हाक मारली, तुळसाबाई आहे का व? मालक आतून म्हणाले, आहे, या. त्या दिवसापासून दार लावलं नाही. जातवाले हसले थोडे दिवस, मंग त्यांचेही फाळ बोथट झाले.

मालक गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. शेवटपर्यंत घण त्यांच्याच हातात. आता सून वेल्डिंग करते, काळा चष्मा लावून, मीच सांगितलं की चष्म्याशिवाय बसायचं नाही. देव तिचे डोळे नीट ठेवो.

हाव, साखळीचं राहिलं. तिचंही काही कागदावर नव्हतं म्हणून दोन्ही तुकडे आम्हीच गाडीत टाकून आणले होते. दोन वर्षांनी गावच्या चुंगीवाल्यांना, म्हणजे जकातवाल्यांना, नाक्यावर साखळी पाहिजे होती. लोखंड चांगलं होतं. मी मधली एक कडी नवी करून जोडून दिली, त्यांनी ती त्याच रस्त्यावर गावाच्या तोंडाशी आडवी बांधली, आणि पुढं कितीतरी वर्षं आमचीही गाडी तिथं अडायची. कुलूप नवं होतं. त्याच्या मी दोन किल्ल्या करून दिल्या.