साक्षीदाराची सही

कागद इतक्या वेळा उघडून मिटला होता की घडीवर बोटभर फाटला होता. महायुद्धाच्या दिवसांत, जर्मनीतल्या वेस्टफालिया प्रांतातल्या एका स्टेशनच्या थंड प्रतीक्षालयात दोन लढाऊ वैमानिक, एक कॅप्टन आणि त्याच्या हाताखालचा आल्विन, तो एकमेकांकडे सरकवत होते. समोरच्या बाकावर हेड्डा नावाची एक अनोळखी प्रवासी बाई बटाट्यांची पिशवी मांडीवर धरून ऐकत होती.

“तीन आठवडे झाले, आल्विन. साक्षीदाराच्या सहीशिवाय पाडलेलं विमान धरत नाहीत.”

“ठाऊक आहे, साहेब.”

“हे धरलं की माझी चाळीस विमानं होतात. मग पदक गळ्यात.”

“तोवर गळा खाजतोय म्हणा.”

“जीभ आवर. माझ्या मागे तूच उडत होतास. पाहिलंस ना?”

“पाहिलं. ते ढगातून बाहेर आलं आणि तुम्ही गोळ्या झाडल्या.”

“मग लिही की, इंग्रजांचं विमान!”

“आपल्याच तुकडीतल्या गेरविनच्या आईचं पत्र आलंय. विचारते, शत्रूनं पाडलं तेव्हा पोराला फार त्रास झाला का.”

“काय कळवलंस?”

“अजून काहीच नाही.”

“शहाणा आहेस. ढग होते, चुकतो माणूस. गेरविन काही परत येत नाही.”

“उतरल्या उतरल्या चूक कबूल केली असतीत, तर मी तुमच्या बाजूनं उभा राहिलो असतो. तुम्ही त्याच संध्याकाळी विमानाच्या शेपटीवर चाळिसावी रेघ रंगवून घेतलीत.”

“गाडी आली. सही करतोस की नाही?”

“करतो. पण विमान कुणाचं होतं, ते आधी माझ्या हातानं लिहितो.”