नवसाचा नवाब

तुमची माय दिवसभरात कुणाशी बोलती, हे तुमाला ठाऊक हाय का? खरं सांगा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, हे तुमी रविवारी फोन करून इचारता, सगळेच इचारतात, माझा भास्करबी इचारतो. पर फोन ठेवल्यावर ती कुणाशी बोलती हे कुणी इचारत न्हाई. मी बोकडाशी बोलायची. हसू नका. आधी सगळं ऐका, मग हसायचं तर हसा.

माझं नाव प्रयागबाई. माहेर पिंगळीचं, ठेसनाजवळच आमचं घर, रेल्वे गेली की भिंतीवरची भांडी वाजायची, अन घरात भावंडंच इतकी की रेल्वे बरी म्हणायची पाळी. तिथून लगीन करून ताडकळसच्या अलीकडं या गावात आले. मालकाची जमीन उलशीच, म्हून मी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, मग शाळेत खिचडी शिजवायचं काम लागलं, ते लय वर्सं केलं. काय सांगू तुमाला, लेकरं ताटल्या वाजवायची, मावशी मला बुडाची करपलेली वाढा म्हणायची, मी म्हणायची गप बस न्हाईतर उलथणंच वाढते. घसा बसायचा माझा वरडून वरडून. मालक म्हणायचे, प्रयागे, घरी आल्यावर तरी हळू बोल, मी काय बहिरा हाय का.

मग मालक गेले. वय झालं म्हून खिचडीचं कामबी सुटलं. भास्कर आधीच पुण्याकडं कंपनीत लागलेला, तिकडंच लगीन, तिकडंच घर. एकुलता एक. मी गेलते तिकडं राहायला, न्हाई म्हणत न्हाई. सून सीमा चांगली हाय, वाईट बोललेली न्हाई कधी. पर ती दोघं सकाळी कुलूप लावून जायची अन मी आतून त्या कुलपाकडं बघत बसायची. शेजारणीचं दार बंद, समोरचीचं बंद. मी म्हणले, बाबा, मला गावाकडं सोड, तिथं निदान कावळा तरी वळखीचा हाय.

पर गावाकडंबी काय, आमच्या गल्लीत सगळी म्हातारीच उरलीत, अन तीबी टीवीपुढं. एक दिवस मदिना आपा, ही आमची शेजारीण, तिनं मला काहीतरी इचारलं अन मी जबाब द्यायला गेले तर आवाजच फुटंना. नुसती हवा. आजार न्हाई, काही न्हाई. दोन-तीन दिवस कुणाशी बोललेच नव्हते, म्हून गंज चढलेला घशाला. अन भाकरीबी करायची सोडली होती मी. एकटीपुरतं पीठ कोण मळावं? चहात मुरमुरे टाकायचे अन दिवस ढकलायचा.

तशात वेदांत झाला, भास्करचा लेक. दिवस भरायच्या आतच झाला, हाताएवढा, काचेच्या पेटीत ठेवलेला. इथं बसून मी काय करणार? गावाच्या शिवंला आमचा पीर हाय, लिंबाखाली. हिंदू असो की मुसलमान, अडलं नडलं की सगळे त्याच्याच पाया पडतात. मी अनवाणी गेले अन कबूल केलं की लेकरू वाचव, त्याच्या नावानं कंदुरी करीन, बोकड देईन, सारी भावकी जेवू घालीन. लेकरू वाचलं. आता वाचलं म्हणल्यावर कबूल केलेलं द्यायला नको का? माणसानं इमान ठेवावंच लागतं.

आता इथं माझं चुकलं बघा. आमच्याकडं लोक काय करतात, कंदुरीच्या आदल्या बाजारी बोकड आणतात, चार दिवस बांधतात अन देतात. वळख होऊ देत न्हाईत. मी म्हणले, इकतचं देण्यात काय नवस, हाताखाली वाढवलेलं द्यावं. म्हून ताडकळसच्या बाजारातून कोकरागत इवलंसं करडू आणलं. नवसाचं म्हून पिराम्होरं नेऊन त्याच्या कानाला चीर दिली. चीर दिली की ते पिराचं झालं, मग ते इकायचं न्हाई, बदलायचं न्हाई. मदिना आपा म्हणली, प्रयागमाय, आणलंस तर आणलंस, पर नाव ठेवू नको. नवसाच्या जिवाला नाव ठेवत नसतात.

मी न्हाईच ठेवलं. त्यानंच ठेवून घेतलं म्हणा. खाली पडलेला पाला खायचा न्हाई. हातात धरून द्यायचा, मग खायचा, तेबी मान वर करून. मी म्हणले, वा रे नवाब! झालं, तेच पडलं.

भास्कर म्हणला, आई, औंदा सुट्टी न्हाई, कंदुरी पुढच्या साली करू. पुढच्या साली सीमाच्या भावाचं लगीन निघालं. त्याच्या पुढं कंपनीचं काहीतरी. दरवेळी म्हणायचा, येतो की, कंदुरीला यायचंच हाय. अन नवाब वाढत गेला. सकाळी मी भाकरी टाकायला लागले, एक माझी, अर्धी त्याची. खरं तर त्याला भाकर नको असायची, माझ्या ताटातली हवी असायची. तीच भाकर दुसऱ्या ताटलीत दिली तर हुंगून सोडून द्यायचा. मी त्याला सगळं सांगायची, गुडघा कुठं दुखायलाय, सरपंच कसा खोटं बोलायलाय, आज सपनात मालक आलते. फोन वाजला की माझ्या आधी तो वरडायचा. भास्कर तिकडून हसायचा, आई, तुझा बोकड काय म्हणायलाय? तिकडं गेल्यापासून मला आई म्हणतो तो, आधी माय म्हणायचा. मी म्हणायची, तो म्हणायलाय कधी येता. वास लय यायचा त्याच्या अंगाचा, बोकडच तो. बाया नाक धरायच्या. मला यायचा न्हाई, का माझ्याच अंगाला लागलता, कुणास ठाऊक.

मग औंदा वेदांत दोनदा तापानं दवाखान्यात पडला. सीमाची आई म्हणली, नवस थकलाय, देव कवर वाट बघंल. अन भास्करचा फोन आला, सुट्टी मिळाली, ऐतवारी कंदुरी.

ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्सं डोळे लावून बसले ती गोष्ट आली, अन मी नवाबाकडं बघत बसले. मी मुलानीभाईकडं गेले. कंदुरीचा बोकड तोच कापतो. त्याला म्हणले, भाऊ, बाजारातून दुसरा मोठा आणला तर? तो म्हणला, अम्मा, चीर तुमीच दिली ना? मी घरी येऊन भास्करला फोन लावला. म्हणले, बाबा, याला राहू दे, दुसरा देऊ, पिराची मी माफी मागते. तिकडून तो म्हणला, आई, एका बोकडापायी तू माझ्या लेकराचा नवस मोडायलीस?

मी फोन ठेवला अन भावकीला जेवायचं आवतण द्यायला निघाले.

ती सगळी आली शनवारी. गाडी भरून आली. सीमा, तिची आई, भास्करचे दोस्त. माझ्या घरात पाय ठेवायला जागा न्हाई, चुलीवरनं चहा उतरू देईनात, आई हे कुठंय, आई ते कुठंय. खोटं कशाला बोलू, मला लय आनंद झाला. अन त्या आनंदाची लाज वाटायली, कारण ही सगळी कशासाठी आली ते मला माहीत होतं. वेदांत दिवसभर नवाबाच्या मागं. हातानं पाला देतोय, शिंगाला धरतोय, आजी ह्याचं नाव काय? मी सांगितलं. भास्कर मला बाजूला घेऊन म्हणला, आई, नाव कशाला सांगितलंस त्याला.

सकाळी निघायची येळ झाली तर नवाब जागचा हालंना. भास्करनं ओढलं, दोस्तांनी ढकललं, चारी पाय रोवले त्यानं. शेवटी भास्कर म्हणला, आई, तुझ्यामागं येतो तो, तूच चल म्होरं. मी निघाले. दावं हातात ढिलं. तो माझ्या लुगड्याचा पदर चघळत मागं मागं आला, पार लिंबाखाली. त्याला वाटलं असंल, चराईला नेती.

आता रिवाज असा हाय की बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडायचं अन थांबायचं. त्यानं अंग झाडलं की कबूल. न्हाई झाडलं तर थांबायचं, पुन्हा शिंपडायचं, हात जोडायचे, पर जबरी करायची न्हाई. पाणी टाकलं. नवाब उभाच. पुन्हा टाकलं. उभाच, माझ्याकडं बघत. लोक उन्हात ताटकळले, आधणं उकळायली, कुणी म्हणला मनात काही किंतु असंल बायांनो, सोडा, कुणी म्हणला माफी मागा. मी हात जोडलेले होते, पर मी माफी मागत नव्हते. मी म्हणत होते, बाबा, झाडू देऊ नको, तुला जे घ्यायचं ते माझं घे, लेकराला काही करू नको अन ह्यालाबी घेऊ नको. अन मला वाटायलं, पीर ऐकायलाय. खरंच वाटायलं.

तवर भास्करनं मनगटातलं घड्याळ बघितलं, तांब्या उचलला अन नवाबाच्या कानात वतला. चीर दिलेल्याच कानात.

कानात पाणी गेल्यावर कोण डोकं झाडणार न्हाई? तुमी झाडाल, मी झाडीन. झाडलं, झाडलं, सगळे वरडले. मी भास्करजवळ गेले अन म्हणले, बाळा, त्यानं झाडलं न्हाई. तू झाडायला लावलंस.

तो म्हणला, आई, दुपारून निघायचंय आमाला.

मी लिंबाकडं पाठ केली. जेवले न्हाई. कंदुरीचं अन्न घरी आणत न्हाईत आमच्याकडं, सगळं तिथंच संपवायचं, तसं संपलं. दुपारून गाडी निघाली. वेदांतनं काचातून इचारलं, आजी, नवाब? सीमा म्हणली, तो रानात गेलाय. मी हात हालवला. लेकरू सुखी राहो, शंभर वर्सं जगो, माझ्या मनात त्याच्याबद्दल काही न्हाई. भास्करबद्दलबी न्हाई, म्हणजे हाय, पर तो माझा लेक हाय.

दुसरी गोष्ट मला नंतर उमगली. कंदुरीला यायचंच हाय, असं तो इतकी वर्सं म्हणायचा ना? आता ते फिटलं. आता काय म्हणून येईल? एकाच दाव्याला दोघं बांधलेले होते, अन ते मीच हातानं नेऊन सोडलं. परवाच्या रविवारी फोन वाजला तर घरात कुणी वरडलं न्हाई. भास्कर म्हणला, जेवलीस का? मी म्हणले, जेवले. खुंटा अजून दारात हाय. मदिना आपा म्हणती दुसरं करडू आण, बिनचिरीचं. बघू. सध्या तरी पीठ मळायला हात जात न्हाई.

तुमी हे लिहून घ्यायलात तर येवढं नक्की लिहा. हे वाचणाऱ्याची माय कुठं एकटी असंल, तर नवस, लगीन, दिवस घालायचं काम, सातबारा, असलं काही निघायची वाट बघू नका. काही काम नसताना जा. सांगू नका, जा. घड्याळ काढून ठेवा. अन वेगळं ताट घेऊ नका, तिच्याच ताटातली अर्धी भाकर मागून खा.