सदाकाकांची काडतुसं

अगं, परवा नॉटिंगहॅमच्या नेमबाजीच्या रेंजवर काय झालं सांगते. टीममध्ये जागा एकच, तिच्यासाठी मी आणि सदाकाका, आणि माझी नवी सेमी-ऑटोमॅटिक रायफल सारखी अडकत होती.

काका म्हणाले, "मुलींची पकडच सैल!"

"पकड नाही, काका. तुम्ही दिलेली काडतुसं कमी जोराची आहेत. त्यांच्या धक्क्याने बोल्ट पूर्ण मागे जात नाही, मग पुढची गोळी अडकते."

"चाळीस वर्षं नेम धरतोय मी!"

"मग आता धरा."

त्यांच्याही हातात रायफल दुसऱ्याच गोळीला अडकली. मी ती मोकळी केली, जास्त जोराची काडतुसं भरली आणि अख्खं मॅगझिन न अडकता रिकामं केलं. सगळ्या गोळ्या मधल्या वर्तुळात.

काका हळूच म्हणाले, "तू लहान आहेस अजून. यंदा माझं नाव राहू दे."

"राहू दे ना, काका," मी म्हटलं, "रिझर्व्हमध्ये."