शेजारची गाठ

— आणि एवढं सांगायला तू कॅनबेराहून मेलबर्नला आलास? फोन नव्हता? नको, बसू नकोस, त्या स्टुलावर माझी पिशवी आहे. म्हणे लोर्नाबाईंचा, म्हणजे माझा, प्रयोग तुमच्याकडे जमत नाही — अरे, जमेल कसा? तुझा हात मला ठाऊक नाही का, डार्सी? छातीतली एवढीशी दोन पाळ्यांची ग्रंथी, थायमस — ती काढतोस का भाजी उपटतोस, कळत नाही. रोगाशी लढणाऱ्या पेशीला थायमसमध्ये वाढताना इंटरल्युकिन-सातचा निरोप लागतो, नाही मिळाला तर ती मरते — हे सगळं जग म्हणतं. मी काय म्हटलं? तो निरोप घेणारा रिसेप्टरच ज्या उंदराला नाही, त्याचा थायमस खुरटतो, पण त्यातही मूठभर पेशी तगतात, पिकतात. या एका वाक्यावर ही प्रयोगशाळा चालते. ती फळीवरची शॅम्पेनची बाटली बघ — पेपर छापून आला त्या दुपारी तिच्यावर सही तूही केलीस, आणि प्यायलास सगळ्यांपेक्षा जास्त. आता सोमवारच्या सभेत उभा राहून मलाच खोटी पाडणार. लाज वाटत नाही?

काय म्हणालास? गाठ? थायमसला चिकटलेली लिम्फची गाठ? तिच्यात पिकलेल्या पेशी असतात, ती सोबत आली की घोटाळा होतो — हे तू मला शिकवतोस? तुम्हा सगळ्यांच्या कानीकपाळी मीच ओरडत आले. म्हणून तर त्या पेपरचे सगळे उंदीर मी स्वतः कापले, कुणाला चिमटा लावू दिला नाही. डोळे? डोळ्यांचं कुणी सांगितलं तुला? एकाचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं होईल, तुला काय करायचंय?

ये इकडे. हा उंदीर बिनरिसेप्टरचाच आहे, आत्ताच उघडलाय. लाव डोळा भिंगाला. हृदयाच्या वर — हा पांढरा, गोल, टपोरा. हा थायमस. दिसला? आता गप्प बस आणि — हात का घालतोस मध्ये? काय दाखवतोस? चरबी आहे ती. चरबीच — थांब. सरक. भिंग वाढव जरा. अजून.

दोन पाळ्या आहेत. एकमेकींना चिकटलेल्या, मोहरीएवढ्या. थायमस हा आहे.

मग हा टपोरा... ही गाठ...

बोलू नकोस. एक शब्द बोलू नकोस. सोमवारी बोल काय ते. जा आता, डार्सी — आणि दिवा मालवून जा.