ओली फरशी

दवाखान्याच्या ओट्यावर मयत ताब्यात मिळायची वाट पाहत दोघी बसल्या होत्या. मी मागच्या बाकावर.

“असं काय होतं त्या पान्यात, पुष्पाबाई?”

“चुना अन् धुन्याचा सोडा. फरशीवर डाग राहत नाही त्यानं.”

“मंग ठेवलं कुठं?”

“उरलेलं ओसरीत, गंजाच्या भांड्यात. बाजूलेच पेजेचा गंज. दोन्ही पांढरे.”

“पोरीच्या बाबाहिले समजलं नाही?”

“वावरातून तहानेनं आले. मीच घरातून वरडली, फरशी ओली हाये, पाय नोका ठेवू, तिथंच पेज पिऊन घ्या.”

“अरे देवा!”

“पोरीले पाहाले पाहुणे येनार होते, बाई.”

“पोरीले निरोप धाडला. बाबाले ठेवाले घरात जागा कर म्हटलं.”

“हो. सुकली असन फरशी आता.”